खोलीचं दार आणि फाटक यांच्या मधलं

वसतिगृहाचा नकाशा हातात आला की मी खोली शेवटी बघतो. आधी जिना, मग बोळ, मग पाण्याचा कूलर कुठं आहे ते, आणि कपडे वाळत घालायला दोरी कुठं बांधता येईल ते. खोलीत फार काही वेगळं करता येत नाही. कॉट, टेबल, कपाट, खिडकी. जगातला कुठलाही आर्किटेक्ट आला तरी याच चार गोष्टी इकडून तिकडे सरकवणार. वसतिगृह चांगलं की वाईट हे ठरतं ते दाराबाहेर पाऊल टाकल्यावर. गेल्या शंभर वर्षांत आधुनिक वास्तुकलेतल्या मोठमोठ्या मंडळींनी विद्यार्थी-वसतिगृहांवर हात चालवला. त्यातलं काय टिकलं आणि आपल्याकडे त्यातलं काय आलं, हे मला याच खिडकीतून, म्हणजे दारातून, बघायचं आहे.

एकांत आणि सोबत यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न जुनाच आहे. अजिंठ्याचं बारावं लेणं आठवा. मधे मोठं दालन, तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन ओटे. आजच्या भाषेत सांगायचं तर चोवीस जागांचं डबल सीटर हॉस्टेल. खिडकी नाही, पण दार उघडलं की थेट सगळ्यांच्या दालनात. भिक्षूला एकांत हवा आणि संघही हवा. या दोन गरजांची ओढाताण विहाराच्या आराखड्यातच कोरलेली आहे, आणि विद्यार्थ्याची गरज त्याहून फार निराळी नाही. गंमत म्हणजे ल कॉर्ब्युझिए या विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या आर्किटेक्टला हीच गोष्ट एका मठात उमगली. १९०७ साली, वयाच्या विशीत, तो फ्लॉरेन्सजवळचा एमाचा ख्रिस्ती मठ बघायला गेला. प्रत्येक साधूला स्वतंत्र निवास, स्वतःची छोटी बाग, आणि सगळ्यांना जोडणारी एक सामायिक ओवरी. ती मांडणी जन्मभर त्याच्या डोक्यातून गेली नाही.

आधुनिक वसतिगृहाचा पहिला ठळक नमुना मात्र त्याचा नाही. १९२६ साली जर्मनीत डेसाऊ इथे वॉल्टर ग्रोपियसनं बाउहाउस या कलाशाळेची इमारत उभी केली. तिला जोडूनच पाच मजल्यांचं विद्यार्थिगृह होतं. त्यात २८ खोल्या, खोली म्हणजेच स्टुडिओ, आणि कित्येक खोल्यांना एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी गॅलरी. चहापाण्यापुरतं स्वयंपाकघर प्रत्येक मजल्यावर सामायिक, न्हाणीघरं आणि व्यायामशाळा तळघरात. त्या गॅलऱ्यांवर लोंबकळणाऱ्या, वरच्या मजल्यावरच्या मित्राला हाका मारणाऱ्या पोरापोरींचे फोटो प्रसिद्ध आहेत. इमारत साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, पण ती जिवंत दिसते ती या चिमुकल्या गॅलऱ्यांमुळे.

पुढचा टप्पा पॅरिसचा. शहराच्या दक्षिण कडेला देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली गेली. तिथं आज भारताचंही घर आहे. स्वित्झर्लंडचं घर कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे यांनी बांधलं, ते १९३३ साली खुलं झालं. इमारत खांबांवर उचललेली, खालून वारा आणि माणसं मोकळी जावीत म्हणून. दक्षिणेकडची अख्खी भिंत काचेची. जिना मुख्य ठोकळ्यातून बाहेर काढून वळणदार बुरुजात घातलेला, आणि पायथ्याला ओबडधोबड दगडांची वाकडी भिंत. चारी बाजूंनी सरळ रेषा मारणाऱ्या माणसानं इथं वाकडं वळण घेतलं. खोल्यांचं फर्निचर डिझायनर शार्लोट पेरियांचं. पण दक्षिणेची काच उन्हाळ्यात अशी तापायची की खोल्या भट्ट्या व्हायच्या, मग आतून पडदे, झडपा असे उपाय सुरू झाले. अशाच अनुभवांतून कॉर्ब्युझिए काचेबाहेर काँक्रीटच्या झापा लावायला शिकला. त्याच आवारात १९५९ साली ब्राझीलचं घर पूर्ण झालं, ल्युसिओ कोस्ता या ब्राझिलियन आर्किटेक्टबरोबर त्यानं ते केलं. तिथं सपाट काच नाहीच. प्रत्येक खोलीपुढे खोल, रंगवलेली गॅलरी आहे आणि ऊन तिथंच अडतं. एकाच माणसाची पंचवीस वर्षांतली चूक आणि दुरुस्ती एकाच आवारात शेजारी शेजारी उभ्या आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यानं पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर नाही पाहिला तरी चालेल.

खांबांवर उचललेल्या इमारतीची आपल्याकडे काय गत झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं स्टिल्ट पार्किंग झालं.

अमेरिकेत या सगळ्याला छेद देणारं एक काम झालं. बोस्टनजवळ चार्ल्स नदीकाठी एमआयटीसाठी फिनलंडच्या आल्व्हार आल्टोनं १९४०च्या दशकाच्या शेवटी बेकर हाउस हे वसतिगृह बांधलं. नदीसमोर सरळ ठोकळा ठेवला असता तर निम्म्या मुलांना नदी आणि निम्म्यांना मागचं अंगण, असा सौदा झाला असता. आल्टोनं इमारतच नागमोडी केली. त्यामुळे बहुतेक खोल्यांना नदी मिळाली, आणि तीही समोरच्या रस्त्यावरच्या रहदारीकडे थेट बघत नाही तर तिरकी. खोल्या एकसारख्या राहिल्या नाहीत. कुठली पाचरीसारखी, कुठली लांबुडकी. विटा मुद्दाम भट्टीतल्या जास्त भाजलेल्या, वेड्यावाकड्या घेतल्या. आपल्याकडचा कंत्राटदार असा माल परत पाठवतो. मागच्या बाजूनं लांबच लांब जिना भिंतीला चिकटून चढत जातो, आणि वर जाणारा मुलगा मजल्यामजल्यावर कोणाला ना कोणाला भेटतच जातो. माझ्या लेखी वसतिगृहाच्या जिन्याचं काम एवढंच आहे, आणि ते इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

इंग्लंडमधली १९६०च्या दशकातली वसतिगृहं हा एक वेगळा अध्याय होईल, मी दोनच नावं घेतो. नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात डेनिस लॅस्डननं काँक्रीटच्या पायऱ्यापायऱ्यांची, उतारावर बसवलेल्या घाटासारखी वसतिगृहं केली. बारा विद्यार्थ्यांमागे एक स्वयंपाकघर हा त्यांचा हिशेब. ऑक्सफर्डला क्वीन्स कॉलेजसाठी जेम्स स्टर्लिंगनं १९७१ साली पूर्ण केलेली फ्लोरी इमारत लाल टाइल आणि काचेची, तिरक्या काँक्रीट पायांवर उभी. ती चित्रात झकास दिसते. आत राहणाऱ्यांना उन्हाळ्यात उकाडा आणि समोरच्या खिडकीतून सगळ्यांना सगळं दिसणं, असा दुहेरी त्रास. पॅरिसची काच ऑक्सफर्डला पुन्हा भोवली.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात वसतिगृह हा शब्द वास्तुकलेच्या आधी समाजकारणाचा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगांची रांग लावली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. तिथं खोलीचा आकार कोणी विचारला नाही. प्रश्न पंगतीचा होता. या परंपरेमुळे आपल्याकडे वसतिगृह म्हणजे छप्पर आणि भाकरी असा अर्थ पक्का झाला, आणि तो लाखो मुलांना शिकवून गेला. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की छप्पर आणि भाकरी मिळाली की बाकी कशाची मागणी करणं म्हणजे चोचले, ही समजूतही पक्की झाली. मेसचं जेवण बिघडलं तर मोर्चा निघतो. खोलीत वारा येत नाही म्हणून निघालेला मोर्चा माझ्या ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यानंतर देशभर नवी विद्यापीठं, आयआयटी, व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही वसतिगृहांमागे मराठी मुलखातून गेलेली तीन माणसं आहेत आणि ती आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. पहिले अच्युत कानविंदे, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६. मुंबईच्या जे. जे.मधून शिकून ते हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली गेले आणि १९४७ साली परतले. १९५९ साली स्थापन झालेल्या आयआयटी कानपूरचा आराखडा त्यांचा. उघडं काँक्रीट, मधे विटांचा भराव, शैक्षणिक इमारतींना जोडणारे सावलीचे उंच पादचारी मार्ग, आणि चौकांभोवती बेतलेली ठेंगणी वसतिगृहं. कोकणातल्या घराला अंगण-पडवीशिवाय चालत नाही. कानपूरच्या उन्हाळ्यातही चालणार नाही, हे कानविंदेंना हार्वर्डनं शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरे बाळकृष्ण दोशी, पुण्यात १९२७ साली एका फर्निचरच्या धंद्यातल्या कुटुंबात जन्मलेले, तेही जे. जे.चे विद्यार्थी. पॅरिसला कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादला आले. तिसरे मुंबईचे अनंत राजे. अहमदाबादेत विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकारानं व्यवस्थापन संस्था उभी राहत होती. तिच्या आराखड्यासाठी १९६२ साली फिलाडेल्फियाचे आर्किटेक्ट लुई कान यांना बोलावलं ते दोशींच्या आग्रहामुळे. राजे कान यांच्या कार्यालयात काम करून परतले आणि पुढे आवाराचा बराचसा भाग, जेवणघर आणि विवाहित विद्यार्थ्यांचं वसतिगृह धरून, त्यांनी पुरा केला.

इथल्या अठरा डॉर्मपाशी, म्हणजे वसतिगृहांपाशी, मी जरा थांबतो, कारण माझ्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर तिथं आहे. कान यांनी लांबलचक बोळ काढूनच टाकला. दहा खोल्या, त्यांच्या मधे जिना आणि चहाची खोली, असा एक गट. खोलीतून बाहेर पडलं की तुम्ही बोळात नाही तर लोकांत येता. जिना आणि चहाची खोली हीच वाट आणि हीच बैठक. चर्चा वर्गात संपली नाही तर ती इथं चालू राहावी, हा मूळ हेतू. बाहेरून जाड विटांच्या भिंती, त्यांत भलीमोठी गोल आणि कमानदार भोकं, कमानीच्या पायांना ताणून धरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या. ऊन खोलीच्या भिंतीला लागू नये म्हणून भिंतीबाहेर आणखी एक सावलीची भिंत. पॅरिसला काच लावून जे चुकलं ते इथं वीट लावून सावरलं. कान यांना हे आवार पूर्ण झालेलं बघता आलं नाही. मार्च १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर त्यांचा मृत्यू झाला.

चंदीगडची गोष्ट थोडक्यात. पॅरिसच्या घरातला तो चुलतभाऊ, पिएर जनरे, १९५०च्या दशकात चंदीगडला आला आणि बरीच वर्षं राहिला. पंजाब विद्यापीठासाठी, तिथल्या वसतिगृहांसाठी आणि कचेऱ्यांसाठी सागवानी, वेताच्या विणीच्या, उलट्या व्हीसारख्या पायांच्या खुर्च्या झाल्या. पुढं त्या मोडक्या म्हणून भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांच्या बोलीनं विकल्या गेल्या. ज्या खुर्चीवर बसून पोरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स घोकल्या, ती आज न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात शोभेला आहे.

मग आपल्या गावोगावच्या वसतिगृहांत हे काहीच का दिसत नाही? दिसतं, पण फक्त सांगाडा. आधुनिक वास्तुकलेतून सरकारी आणि संस्थांच्या बांधकामांनी ठोकळा, सपाट गच्ची आणि सलग सज्जे उचलले, दार आणि फाटक यांच्या मधली जागा सोडून दिली. कारण हिशेबाचं आहे. मधून एक बोळ आणि दुतर्फा खोल्या केल्या की एकाच बोळावर दुप्पट खोल्या बसतात, म्हणजे खोलीमागे बांधकाम कमी. कागदावर हे चोख दिसतं. पण एका बाजूला व्हरांडा असलेल्या खोलीत खिडकी आणि दार समोरासमोर उघडतात आणि वारा आरपार जातो. दुतर्फा खोल्यांत वारा हवा असेल तर तुम्हीही दार उघडं ठेवा आणि समोरच्यानंही ठेवावं. मग वाऱ्याबरोबर त्याचं गाणं, त्याची फोनवरची भांडणं आणि त्याचे मोजे तुमच्या खोलीत. दार लावलं तर मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये पंख्याखाली गरम हवा ढवळत बसा. मी ज्या वसतिगृहात तीन वर्षं काढली तिथं भर दुपारी बोळात दिवा लागायचा, आणि बल्ब गेला की चाचपडत बाथरूम गाठायचं. तिथली एकुलती एक बसायची जागा म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली. रेक्टर तिथं कुलूप लावायचे आणि आम्ही दर सत्रात नवी किल्ली करायचो.

कपड्यांचंही असंच. कुठल्याच नामांकित आर्किटेक्टच्या रेखाचित्रात मला वाळत घातलेली चड्डी दिसलेली नाही. आपल्याकडे प्रत्येक वसतिगृहाची दर्शनी बाजू शेवटी दोऱ्यांनीच ठरते. गजाला गाठ मारून, समोरच्या पाइपला ताण देऊन पोरं ती वर्षभरात पुरी करतात. पुण्यात नियमाबाहेर खोलीत राहणाऱ्या पाहुण्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. दोनच्या खोलीत चार झाले की दोऱ्याही दुप्पट होतात.

मुलींच्या वसतिगृहाचा आराखडा तर आर्किटेक्टच्या आधी रेक्टरच काढतो. एकच फाटक, उंच कुंपण, गॅलरीला जाळी, जाळीला पत्रा. २०१५ साली दिल्लीत मुलींच्या वसतिगृहांच्या वेळेच्या बंधनांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही चळवळ उभी राहिली. तिचं नाव रूपक म्हणून घेतलं गेलं, पण कित्येक इमारतींच्या बाबतीत ते निव्वळ वर्णन होतं. अहमदाबादच्या आवारात कान वीट रचत होते, तेव्हाच ते पेनसिल्व्हेनियात ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजचं वसतिगृहही बांधत होते, ते १९६५मध्ये पूर्ण झालं. तीन चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले, कडेनं खोल्या आणि प्रत्येक चौकोनाच्या पोटात वरून उजेड येणारी सामायिक जागा. संरक्षण आणि मोकळेपणा एकाच इमारतीत बसतात हे दाखवायला तो नमुना पुरे आहे. तो आपल्याकडे कोणी मुलींसाठी गिरवलेला मला माहीत नाही.

अलीकडच्या कामांत दोन नोंदवण्यासारखी. कोपनहेगनचं टिटगेन वसतिगृह, २००६ सालचं, सात मजली आणि गोल. ३६० खोल्या, बारा खोल्यांमागे एक स्वयंपाकघर. खोल्यांची तोंडं बाहेर शहराकडे, स्वयंपाकघरं आणि बैठका आत चौकाकडे. चीनच्या फुजियान प्रांतातल्या गोल मातीच्या वाड्यांवरून ही कल्पना आली. रात्री चौकात उभं राहिलं की समोर कोण काय शिजवतंय ते दिसतं. आपल्या वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, डेन्मार्कला ते चीनमधून आणावं लागलं याचं वाटेल. दुसरं मथुरेचं. मुंबईच्या संजय पुरी यांनी एका विद्यापीठासाठी आठशे खोल्यांच्या चार मजली, वळत जाणाऱ्या रांगा केल्या, गावातल्या गल्लीसारख्या. खिडक्या भिंतीतून पाचरीसारख्या बाहेर काढून उत्तरेकडे वळवल्या, म्हणजे उजेड येतो, ऊन येत नाही. इतक्या मोठ्या संख्येला पुरूनही मधल्या जागेची जाण राहू शकते, एवढं ते सिद्ध करतं. तिथला रंग मला जरा भडक वाटतो, ते सोडा.

माझ्या मताला खरा धक्का दिला तो कॅलिफोर्नियातल्या एका न बांधलेल्या इमारतीनं. चार्ली मंगर या अब्जाधीशानं सांता बार्बराच्या विद्यापीठाला २० कोटी डॉलर देऊ केले, अट अशी की आराखडा त्याचा. अकरा मजले, सुमारे साडेचार हजार विद्यार्थी, आणि ९४ टक्के झोपायच्या खोल्यांना खिडकीच नाही. आठ-आठ खोल्यांमागे एक सामायिक बैठक. त्याचा युक्तिवाद असा की खोली कोंदट असली की मुलं बाहेर येतील, एकमेकांत मिसळतील. २०२१ साली विद्यापीठाच्या आराखडा समितीवरचे आर्किटेक्ट डेनिस मॅकफॅडन यांनी राजीनामा दिला, गदारोळ झाला आणि २०२३मध्ये योजना गुंडाळली गेली. मी इतकी पानं मधल्या जागेची तारीफ करतोय. मंगरनं तीच तारीफ टोकाला नेली आणि खोलीच गिळून टाकली. अजिंठ्याच्या भिक्षूंना खिडकी नव्हती हे खरं, पण ते तिथं भरलेल्या फीवर राहत नव्हते.

आणि ज्या इमारतींनी खोली आणि मधली जागा दोन्ही साधली होती त्यांचं काय? नॉरिचच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वसतिगृहांत हलक्या, हवा भरलेल्या काँक्रीटच्या फळ्या निघाल्या, आणि सप्टेंबर २०२३मध्ये, सत्र सुरू व्हायच्या तोंडावर, विद्यार्थ्यांना दुसरीकडे हलवावं लागलं. इमारत वारसा-यादीत आहे, म्हणून सहजासहजी पाडताही येत नाही. अहमदाबादेत २००१च्या भूकंपाचा फटका, विटांचा दर्जा, झिरपणारं पाणी आणि ढासळणारे तुकडे अशी कारणं देऊन संस्थेनं डिसेंबर २०२०मध्ये अठरापैकी चौदा डॉर्म पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ला निर्णय मागे घेतला. नोव्हेंबर २०२२मध्ये डॉर्म नव्यानं बांधण्याचा निर्णय पुन्हा आला. या सगळ्याच्या आधीच मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयानं त्याच आवारातलं ग्रंथालय दुरुस्त करून दाखवलं होतं आणि त्याला २०१९मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे दुरुस्ती अशक्य होती असं कोणी म्हणू नये. पण खोलीत राहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पोपडा पडतो तेव्हा त्याला पुरस्कार आठवत नाही, हेही खोटं नाही. मला विचाराल तर चहाची खोली आणि तिच्याभोवतीच्या दहा खोल्या जशाच्या तशा ठेवून वीट बदलली असती तर मी तक्रार केली नसती. वीट बदलून बोळ आणला तर करीन.

महाराष्ट्रात तर प्रश्न इमारतीपर्यंतही पोचत नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणाचा भत्ता खात्यात जमा होतो. पैसे वेळेवर आले तर मुलाचं शिक्षण वाचतं, हे मान्य. पण त्या पैशात मिळते ती पेठेतल्या एखाद्या इमारतीत कॉट बेसिसवरची जागा. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटखाली पत्र्याची पेटी, खिडकीच्या गजाला दोरी. मालकिणीचा नियम, पाहुणे आणायचे नाहीत आणि गच्चीवर जायचं नाही. रात्री अकराला त्या इमारतीपाशी गेलात तर स्पर्धापरीक्षेची पुस्तकं मांडीवर घेऊन पायरीपायरीवर एकेक जण बसलेला दिसतो. वरचा खाली येताना सगळे गुडघे बाजूला घेतात, आणि कोणीतरी कोपऱ्यावरच्या टपरीवरून चार कटिंग घेऊन येतो.